गल्ल्यावरचं हात हलवणारं मांजर : डावा हात चालतो का?

खडेबाजार_वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येड्यासारखा वाटेल पण विचारतेच. आमचं खडेबाजारात मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउज पीस, फॉल, अस्तर, लेस असलं सगळं. धाकट्या दिरांनी गोव्याहून ते सोनेरी हात हलवणारं मांजर आणून दिलं, प्लास्टिकचं, वीतभर उंच, आणि गल्ल्याशेजारी ठेवलं. बायका रंग जुळवेस्तोवर त्यांची पोरं त्याच्याकडे बघत गप बसतात, एवढा फायदा तरी नक्की आहे. पण आता तीन बाजूंनी कटकट सुरू झालीय.

सासूबाई म्हणतात दुकान उघडल्या उघडल्या पहिलं दर्शन मांजराचं, हे काय ओ, लक्ष्मीच्या फोटोखालून ते आधी काढ. शेजारच्या दुकानात एक वास्तुवाले आले होते ते आत डोकावून म्हणाले मांजर ठीक आहे पण तुमचं डाव्या हाताचं आहे, डावा हात आलेला पैसा बाहेर घालवतो, उजव्या हाताचं घ्या आणि आग्नेयेला ठेवा, आणि ते मांजर नेमकं त्यांच्याकडेच मिळतं म्हणे (किंमत ऐकून मी पाणी प्यायले). मुलगा म्हणतो आई हे चायनीज आहे, यात जपानी काही नाही, उगाच भाव देऊ नको. आणि या सगळ्यात गेल्या आठवड्यात हात हलायचाच बंद झाला, सासूबाईंना वाटतंय देवानं त्यांचं ऐकलं.

तर सांगा की, डावा हात खरंच वाईट का, मूळ कुठलं हे, लक्ष्मीशेजारी चालतं का आणि हात का थांबला. पोटाशी एक लांबट नाणं धरलंय त्यावर काहीतरी अक्षरं आहेत, ती कुणाला कळत असतील तर तेही.

---

गणपतगल्ली_गिफ्ट

वहिनी, शेवटून दुसरा प्रश्न पहिला घेतो कारण तेवढंच मला छातीठोक येतं. त्यात मोटर वगैरे काही नसते. हात वरनं दिसतो तेवढाच नसतो, तो आत खालपर्यंत जातो आणि खालच्या टोकाला एक छोटं लोहचुंबक असतं, आणि बैठकीत तांब्याच्या तारेची कॉइल असते. चुंबक कॉइलवरून गेलं की सर्किट त्याला क्षणभर धक्का देतं आणि हात परत झोका घेतो. म्हणून तर एका पेन्सिल सेलवर ते इतके महिने चालतं, मोटर असती तर आठवड्यात सेल संपला असता.

आता बंद का पडलं ते बघूया. सेल बदलून बघा, बदलताना सेलची जुनी पांढरी-हिरवी पावडर पत्र्याला चिकटलीय का बघा, असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून टाका. काउंटर एका बाजूला उतरता असेल तरी हात आतल्या भिंतीला घासून थांबतो, खाली पुठ्ठा घालून सरळ करा. पण तुमचं मॅचिंग सेंटर म्हटल्यावर माझा संशय दोऱ्यावर आहे. खांद्याजवळ हात जिथे आत शिरतो तिथे लेसचा नाहीतर फॉलचा धागा गुंडाळलेला असणार बघा, चिमट्याने ओढून काढा. हाताला तेल अजिबात घालू नका, धूळ बसून अजून जाम होतं.

आणि मुलाला सांगा, माल चीनचाच आहे, मी पण चीनचाच विकतो, मुंबईच्या होलसेलवाल्याकडनं येतो. लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक आणि हे मांजर, तिघं एकाच खोक्यात. गिऱ्हाईक कधी विचारत नाही कुठलं म्हणून, विचारतं ते "सोनेरी आहे का" एवढंच. पांढरं माझ्याकडे वर्षभर धूळ खात पडलंय.

---

निपाणीचा_नास्तिक

लिंबू-मिरची झाली, काळी बाहुली झाली, घोड्याची नाल झाली, आता मांजर. वहिनी, गिऱ्हाईकाला दहा रुपये कमी करा आणि चहा विचारा, हात आपोआप हलेल. आणि त्या वास्तुवाल्याला विचारा की तुमच्या स्वतःच्या दुकानात उजव्या हाताचं आहे ना, मग दुसऱ्याच्या दुकानात डोकावत का फिरालाय.

---

खानापूर_ते_आयची

वहिनी नमस्कार. मी मूळ खानापूरचा, नोकरीनिमित्त जपानात आयची प्रांतात राहतो, आणि योगायोग असा की या मांजरांचं मोठं गाव तोकोनामे आमच्या इथून जवळ आहे त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मूळ जपानीच. मुलगा म्हणतो तेही खोटं नाही कारण आज जगभर जे सोनेरी प्लास्टिकचं हलणारं फिरतंय ते चीनमध्ये बनतं आणि चिनी हॉटेलांच्या काउंटरवर दिसतं म्हणून सगळ्यांना चिनीच वाटतं. पण याचं नाव मानेकी-नेको आणि ते जुन्या एदोतलं, म्हणजे आताच्या तोक्योतलं. १८५२ सालच्या दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे हिरोशिगे नावाच्या चित्रकाराचं त्या वर्षीचं चित्र, त्यात बाजारात असली मांजरं मांडून विकायला बसलेलं दुकान दिसतं. दुसरं म्हणजे एदो शहराच्या घडामोडींची जी नोंदवही होती त्यातली त्याच वर्षाची हकीकत. आसाकुसा भागात एक म्हातारी राहायची, गरिबीमुळे तिला पाळलेलं मांजर सोडून द्यावं लागलं, रात्री ते स्वप्नात आलं आणि म्हणालं माझी मूर्ती कर, तुझं भलं होईल. तिने मातीची मांजरं करून देवळाजवळ विकायला ठेवली आणि ती तुफान खपली. म्हणजे बघा, पहिल्यापासून हे बाजारातलंच प्रकरण आहे, तुमच्या गल्ल्यावर ते बरोबर जागी बसलंय.

दुसरी गोष्ट तोक्योतल्या सेतागाया भागातल्या गोतोकुजी देवळाची, ही जास्त ऐकायला मिळते. देऊळ पडकं, भटजी गरीब, पण आपल्या घासातला घास मांजराला घालायचा. हिकोनेचा सरदार ई नाओताका शिकारीहून परत जाताना दारातलं मांजर पंजा वर करून त्याला बोलावतंय असं त्याला दिसलं, तो आत गेला आणि बाहेर विजांसकट धो धो पाऊस सुरू झाला. सरदार खूश. दंतकथा सोडून द्या पण १६३३ मध्ये ते देऊळ खरंच ई घराण्याचं झालं आणि पैसा आला. मी गेलो होतो तिथे. एका कोपऱ्यात नुसती पांढरी मांजरं, फळ्यांवर, दगडांवर, जमिनीवर, करंगळीएवढ्यापासून दोन वर्षाच्या पोराएवढ्यापर्यंत, सगळ्यांच्या गळ्यात लाल पट्टा आणि सोनेरी घंटा. लोक देवळातून मांजर विकत घेऊन घरी नेतात आणि इच्छा पुरी झाली की आणून ठेवतात. आणि बघा, तिथल्या एकाही मांजराच्या हातात नाणं नाही. देवळाचं म्हणणं असं की मांजर संधी दारापर्यंत आणतं, पैसा हातात आणून देत नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. मला हे लईच आवडलं. निपाणीच्या भाऊंनाही पटायला हरकत नाही.

आता डावा-उजवा. जपानात साधारण मानतात ते असं : उजवा पंजा वर असेल तर पैसा बोलावतो, डावा पंजा असेल तर माणसं, म्हणजे गिऱ्हाईक बोलावतो. काही जण याच्या उलट सांगतात, तेवढं चालायचंच. पण डावा हात पैसा बाहेर घालवतो असं तिकडे मी कधीच कुणाकडून ऐकलं नाही. उलट दुकान, हॉटेल, दारूचा बार असेल तर डाव्या हाताचंच मुद्दाम ठेवतात, गर्दी पाहिजे म्हणून. मॅचिंग सेंटरला माणसं आली की पैसा येणारच की. दोन्ही हात वर केलेलं पण मिळतं, पण ते बघून काही जपानी हसतात, म्हणतात हे तर शरण आलेलं मांजर. पंजा जितका उंच तितकं लांबचं गिऱ्हाईक येतं असं पण म्हणतात, म्हणून अलीकडच्या मूर्तींचे हात वर वर चाललेत.

आग्नेय दिशेचं तर जाऊ द्या. दुकानात तोंड दाराकडे करून ठेवतात, काउंटरवर नाहीतर शोकेसमध्ये, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं. त्यात दुसरं शास्त्र नाही.

आणिक एक गंमत. युरोप-अमेरिकेच्या लोकांना हे मांजर टाटा करतंय असं वाटतं, कारण ते लोक माणसाला बोलावताना तळवा वर करून बोटं आत घेतात. म्हणून त्यांच्यासाठी पंजा उलटा फिरवलेली मांजरंही काढलीत. जपानी माणूस तळवा खाली ठेवून बोटं हलवतो, अगदी आपल्याकडे काकू गॅलरीतून भाजीवाल्याला बोलावते तसंच. आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही, दिसताक्षणी कळतं बोलावालाय म्हणून.

नाण्याचं सांगायचं तर ते कोबान, एदो काळातलं लांबट सोन्याचं नाणं, खऱ्या नाण्याची किंमत एक र्‍यो. जुन्या पद्धतीच्या मांजरांच्या नाण्यावर मात्र "एक कोटी र्‍यो" असं लिहिलेलं असतं. फोटो टाका, तुमच्यावर तेच आहे का बघून सांगतो.

---

टिळकवाडी_आजी

वहिनीबाई, मी निवृत्त शिक्षिका, माझा नातू हे टाइप करून देतोय, मी बोलते तसं. सासूबाईंना उडवून लावू नका हो, मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे येणारी आमची पिढी. पण त्यांना दोन गोष्टी आठवण करून द्या.

पहिली, षष्ठीदेवीचं वाहन मांजर. बाळाच्या पाचवी-सहावीला आपण जिची पूजा करतो तीच, सटवाई म्हणा. म्हणजे देवाच्या दारात मांजर नवं नाही. दुसरी, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं असं आमची आजी सांगायची, आणि ती हे सांगताना इतका गंभीर चेहरा करायची की आम्ही पोरं दुधावर डोळा ठेवून बसलेल्या बोक्याला हाडहूड करायला पण भ्यायचो. तर तुमच्या गल्ल्यावर सोन्याचंच बसलंय, काशीला न जाता. सासूबाईंना हे सांगून बघा, हसतील तरी.

लक्ष्मीशेजारी मात्र मी पण ठेवणार नाही. अपशकुन म्हणून नव्हे. फोटोला हळदकुंकू, उदबत्ती, फूल, आणि शेजारी सतत हलणारी वस्तू, नमस्कार करताना लक्ष तिकडे जातं. फोटो वरच राहू दे, मांजर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला घ्या.

खानापूरच्या बाळाला एक विचारायचं होतं. या मांजराची एक सापाची गोष्ट मी कुठेतरी वाचलेली, ती खरी का?

---

खानापूर_ते_आयची

आजी नमस्कार, आहे की. तोक्योतल्या योशिवारा वस्तीत उसुगुमो नावाची एक नामांकित गणिका होती, तिचा मांजरावर फार जीव. एका रात्री मांजर तिच्या किमोनोला दातांनी धरून ओढायला लागलं, काही केल्या सोडेना, मालकाला वाटलं मांजराला भुताने झपाटलं, त्याने तलवारीने मुंडकं उडवलं. ते मुंडकं उडालं ते थेट छतावर लपलेल्या सापाच्या मानेला जाऊन चावलं. साप मेला, मांजरही गेलं. ती रडरड रडली म्हणून एका गिऱ्हाईकाने तिला लाकडात मांजर कोरून दिलं, त्यावरून ही मूर्ती आली म्हणतात. मुंगूस आणि ब्राह्मणीची आपली गोष्ट तुम्ही शाळेत शिकवली असणार. पाळण्यातलं बाळ, साप, मुंगसाच्या तोंडाला रक्त, आणि बाईने डोक्यात घातलेली घागर. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तीच आठवली, फक्त इकडे बाळाच्या जागी गणिका.

---

खडेबाजार_वहिनी

बापरे, एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं. आधी रिपोर्ट देते. गणपत गल्लीच्या दादांचं बरोबर, खांद्यात राणी कलरचा रेशमी दोरा गुंडाळलेला होता, चिमट्याने निघाला, सेल बदलायचं कामच पडलं नाही. मांजर काउंटरच्या दाराकडच्या टोकाला आलं, फोटो जागेवर. सासूबाईंना काशीचं ऐकवलं तर म्हणाल्या "ते मेलेल्या मांजराचं ओ, हे कुठं मेलंय", पण काढ म्हणायचं बंद केलंय. काल तर स्वतःच फडक्याने पुसत होत्या, मी बघितलं नाही असं दाखवलं.

नाण्यावरची अक्षरं मुलाने फोनवर स्कॅन करून बघितली, एक कोटी र्‍योच निघालं. आता तो म्हणतो आपल्या गल्ल्यात बघ आणि त्याच्या नाण्यावर बघ.

अजून एक, नणंदेला शहापुरात शिवणक्लासला ठेवायला पाहिजे आहे, तिला सोनेरी आवडत नाही. रंगाचं काही असतं का? काळं मिळतं म्हणे पण काळं मांजर घरात आणलं तर आमच्याकडे महाभारत होईल.

---

खानापूर_ते_आयची

रंगाचं असतं वहिनी. सगळ्यात मानाचं म्हणजे पांढऱ्यावर काळे आणि तपकिरी-नारिंगी ठिपके असलेलं, तीन रंगांचं. खऱ्या मांजरात पण हा रंग बहुतेक मादीलाच येतो कारण नारिंगी-काळ्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, नराला एकच एक्स असल्यामुळे दोन्ही रंग एकदम येत नाहीत, लाखात एखादा निघतो तसा निघतो. म्हणून तीन रंगांचा बोका म्हणजे जपानी खलाशांना मोठा शकुन, जहाज बुडत नाही म्हणायचे. १९५६ मध्ये जपानची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली तेव्हा पण असलाच एक बोका बरोबर दिला होता, आणि त्याचं नाव काय ठेवलं तर मोहिमेच्या प्रमुखांचंच, ताकेशी. साहेबाचं नाव बोक्याला, आपल्याकडे असतं तर मेमोच आला असता.

काळं तिकडे वाईट नाही, वाईट नजर आणि पीडा दूर ठेवणारं मानतात, आपल्या काळ्या बाहुलीचं जे काम तेच. लाल आजार टाळायला, पूर्वी देवीची साथ यायची तेव्हा लाल रंग तिला पळवतो असा समज होता. सोनेरी पैशाला. गुलाबी अलीकडचं, प्रेमबिमाचं, ते पोरापोरींना विकायला काढलंय असं माझं मत. नणंदेला तीन रंगांचं नाहीतर साधं पांढरं घ्या, डाव्या हाताचं, क्लासला माणसंच पाहिजेत ना.

जमलं तर मातीचं घ्या. तोकोनामे हे मूळ कुंभारांचं गाव, शेकडो वर्षांच्या भट्ट्या, मातीचे पाइप बनवायचं मोठं केंद्र, रस्त्याच्या कडेच्या भिंतीसुद्धा जुने पाइप रचून केलेल्या. आपण बघतो तो गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचा, नाणं पोटाशी धरलेला चेहरा तिथनंच दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे गेला. स्टेशनवरून चालत गेलं की रस्त्यावरच्या भिंतीवरनं एक मांजराचं मुंडकं डोकावतं, ३.८ मीटर उंच आणि ६.३ मीटर रुंद, खालून गाड्या जातात. कौलं आणि विटांच्या खानापुरातून आलेल्या माणसाला तिथे फिरताना सारखं वाटतं, आपल्याकडे माती आहे, भट्ट्या आहेत, मग काय अडलंय.

---

मातीतला_माणूस

काय अडलंय ते मी सांगतो, कारण मी पण खानापूरचाच आणि इथल्या खादी आयोगाच्या पॉटरी संस्थेत शिकलोय. मांजर करून बघितलंय, गणपती आणि कुंड्यांतनं वेळ मिळाला तेव्हा. अंग सोपं आहे, प्लास्टरच्या दोन भागांच्या साच्यात पातळ माती ओतायची, भिंतीला पुरेसा थर धरला की उरलेली ओतून टाकायची, आत पोकळ राहतं. खरी पंचाईत त्या वर केलेल्या पंजाची. तो अंगापेक्षा लवकर वाळतो, आकसतो, आणि नेमका खांद्याशी तडा जातो. कानांचं पण तेच. मी पंजावर आणि कानांवर ओलं फडकं टाकून सगळं अंग एकाच चालीनं वाळवतो, तरी घाणीतली सगळी काही सरळ निघत नाहीत. बुडाला भोक ठेवायचं विसरलं तर आतली हवा तापून भट्टीत मांजर फुटतं आणि शेजारची दोन घेऊन जातं.

हात हलणारं मातीचं होणार नाही, तेवढं प्लास्टिकलाच जमतं. आणि जपानी मांजराचा हुबेहूब चेहरा मी काढत नाही, आमच्या अंगणातल्या बोक्याचा काढतो, कान जरा फाटका, मिशा वाकड्या. लोकांना तोच आवडतो. बाजारातल्या सोनेरीपेक्षा महाग पडणार पण त्या वास्तुवाल्यापेक्षा नक्की स्वस्त.

---

निपाणीचा_नास्तिक

फाटक्या कानाचा बोका असेल तर मला पण एक पाहिजे. शकुन-बिकून नाही हं, टेबलावर कागद उडालेत त्यावर ठेवायला.

---

गणपतगल्ली_गिफ्ट

सगळे नास्तिक असंच म्हणून नेतात. ओ मातीतले, डझनाचा भाव मला पाठवा, माझं ते पांढरं खपत नाही पण हे खपेल असं वाटालंय.

---

मातीतला_माणूस

आत्ता कुणीच ऑर्डर देऊ नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, दोन दोन आठवडे माती वाळत नाही, घाई केली तर भट्टीत सगळी फुटतात. दसऱ्यानंतर ऊन पडलं की घाणी लावतो. वहिनी, नणंदेच्या फळीची उंची तेवढी मोजून ठेवा, कानाच्या टोकापर्यंत धरायची, आणि भाजल्यावर माती आकसते म्हणून मी साचा थोडा मोठाच घेतो. निपाणीकर, तुमचा बुडाला जाड करतो, वजन पाहिजे म्हणून.